बाईंची वही आणि आपला कॅमेरा

(१९८४ च्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा, अमरावती, जानेवारी २०१९. भेटवस्तू समितीच्या वतीने केलेलं मनोगत)

व्यासपीठावरचे आपले सर्व गुरुजन, आणि पस्तीस वर्षांनी पुन्हा याच बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

आत्ता माझी ओळख 'भेटवस्तू समितीचे प्रमुख' अशी करून देण्यात आली. समितीत आम्ही तिघं होतो आणि कामं दोनच होती. तुमच्याकडून पैसे काढायचे आणि ते खर्च करायचे. पहिल्या कामाबद्दल मी इथे बोलत नाही, कारण आज सणाचा दिवस आहे. हिशेबाचा कागद नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे, शंका असेल त्याने जेवणाआधी पाहून घ्यावा. दुसऱ्या कामाबद्दल मात्र सविस्तर सांगायचं आहे.

सगळ्या गुरुजनांना आपण शाल आणि रोप दिलं. आपल्या वर्गशिक्षिका, विज्ञानाच्या बाई, यांचं यंदा सहस्रचंद्रदर्शन झालं, म्हणून त्यांना बॅचतर्फे वेगळी भेट द्यायची, हे जून महिन्यात ठरलं. काय द्यायचं, ते ठरायला डिसेंबर उजाडला. मी छोटा डिजिटल कॅमेरा सुचवला तेव्हा ग्रुपवर काय काय आलं ते तुम्ही विसरला असाल, मी जपून ठेवलं आहे. एकाने लिहिलं, "आता कॅमेरा कोन घेते बे? चांगला मोबाईल देऊन टाक." दुसऱ्याने लिहिलं, "बाईंले या वयात कायले तरास देता?" पुण्याच्या एका मैत्रिणीने लिहिलं की चांदीचा दिवा द्यावा, शोभून दिसेल. आणि एक जण म्हणाला, "तुह्या दुकानात पडला असन एखादा जुना कॅमेरा, तो तर खपवत नाही ना?"

या शेवटच्याला आधी उत्तर देतो. माझ्या स्टुडिओत विकायला एकही कॅमेरा उरलेला नाही. हा धंदा मी अमरावतीत पंचवीस वर्षं केला. रोल धुतले, पोस्टकार्ड साइझच्या प्रिंटा काढल्या, मग डिजिटल आलं. दिवाळीच्या आठवड्यात काउंटरवर छोट्या कॅमेऱ्यांची रांग लावावी लागायची, तो काळ पाहिला. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाजारात पाठवले होते. २०१७ मध्ये तो आकडा अडीच कोटींच्या आसपास आला. मोबाईलने छोटा कॅमेरा खाल्ला, हे मी तुमच्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. गंमत अशी की डिजिटल कॅमेरा पहिल्यांदा तयार झाला तो रोल विकणाऱ्या कोडॅक कंपनीतच, १९७५ साली, स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनियरच्या हातून. साडेतीन किलोहून जड खोकं, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे २०१२ मध्ये त्याच कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तेव्हा कॅमेऱ्याबद्दल भाबडेपणाने बोलणाऱ्यांतला मी नाही. वाढदिवस, लग्न, नातवाचं बारसं, समोरच्या माणसाचा फोटो, यासाठी कुणी मला विचारलं तर मी आजही सांगतो की वेगळा कॅमेरा घेऊ नका.

मग बाईंना का? त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीतली माझी अकोल्याची फेरी सांगावी लागेल.

बाई निवृत्तीनंतर काही वर्षं अमरावतीतच होत्या, आता अकोल्याला लेकीकडे असतात. आपल्या ग्रुपवर त्या रोज सकाळी एक फोटो टाकतात. कडुलिंबाचं झाड, मागे आभाळ, आणि खाली ओळ, 'डावीकडच्या फांदीवर धनेश बसला आहे.' आपण सगळे हात जोडतो, अंगठा दाखवतो. खरं सांगा, धनेश आजवर कुणाला दिसला आहे का? मी तो फोटो मोठा करून पाहिला. एक राखाडी ठिपका होता, धनेशही असू शकेल आणि वाळकं पानही.

मेळाव्याचं आमंत्रण द्यायच्या निमित्ताने मी गेलो. भेटीचं काहीच बोलायचं नव्हतं, नुसतं पाहायचं होतं. बाई गच्चीवर होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कापशी तलावावर जाणं बंद झालं, तेव्हापासून गच्ची हाच त्यांचा तलाव. चहाचा कप बशीत ठेवताना वाजला, तेव्हा हात थरथरतो हे लक्षात आलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याच्या पडद्याची तक्रार. मोबाईलवर फोटो काढताना त्या चष्मा कपाळावर घ्यायच्या, मग पुन्हा नाकावर, आणि उन्हात पडद्यावर काही दिसेना म्हणून पदराची सावली धरायच्या. तेवढ्यात पाखरू उडून जायचं.

मग त्यांनी वही काढली. ती वही आठवते का? चिखलदऱ्याच्या सहलीत बाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत असायची. त्या सहलीला वर्गात मिळून एकच कॅमेरा होता, आग्फा क्लिक-थ्री, एका रोलवर १२ फोटो. बाई म्हणायच्या, आधी डोळ्यांनी नीट पाहून घ्या, मग बटण दाबा. आपण बारा फोटोंसाठी भांडत होतो तेव्हा बाई वहीत तारीख, वेळ, झाड आणि पक्षी लिहीत होत्या. ती सवय कधी मोडली नाही. अशा वह्यांचा एक खणच भरला आहे. वडाळी तलाव, छत्री तलाव, सेमाडोह, काटेपूर्णा, आणि आता गच्ची.

बाईंनी शेवटची वही माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी पानं उलटत गेलो. २०१६ पर्यंत नोंदी स्वच्छ होत्या. तांबट, हळद्या, दयाळ, शिंजीर, पिंगळा. मग प्रश्नचिन्हं सुरू झाली. 'शिक्रा? की पावशा?' हे दोन पक्षी दुरून सारखेच दिसतात, चांगल्या डोळ्यांनाही फसवतात. पुढच्या पानावर प्रश्नचिन्हं जास्त, नावं कमी. शेवटची नोंद ऑगस्ट २०१७ ची होती. 'निंबावर पक्षी. ओळखता आला नाही.' त्यानंतर कोरी पानं.

बाई परत आल्यावर मी विचारलं, लिहिणं का बंद केलं? त्या म्हणाल्या, "नक्की दिसलं नाही तर लिहू नये. अंदाजाची नोंद कोऱ्या पानापेक्षा वाईट."

आणि मग त्यांनी मला रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली, अगदी वर्गात सांगायच्या तशी. रानपिंगळा हे आपल्या सातपुड्याचं घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा कुणालाच मिळाला नव्हता. संपलाच, असं बहुतेकांनी धरून चाललं होतं. मधे १९१४ सालची म्हणून एक नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची, गुजरातेतल्या मांडवीची. ती खोटी निघाली. दुसऱ्याने गोळा केलेला जुना नमुना चोरून त्यावर त्याने आपली चिठ्ठी लावली होती. त्या एका खोट्या चिठ्ठीपायी शोधणारे भलत्याच जागी शोधत राहिले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला, ११३ वर्षांनी. त्यांनी आधी त्याचं चित्रण केलं, फोटो काढले, आणि मगच जगाला सांगितलं. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला. बाई म्हणाल्या, "पाहिलं असं म्हणणं सोपं असतं. दाखवता आलं पाहिजे."

अकोल्याहून परतताना गाडीत बडनेरा येईपर्यंत माझा निर्णय झाला होता. चांदीचा दिवा बाईंच्या कपाटात जाऊन बसला असता, शेजारी आधीच सात-आठ स्मृतिचिन्हं आहेत. बाईंचं जे काम थांबलं आहे ते पुन्हा चालू होईल अशी वस्तू हवी होती.

कुणी म्हणालं, मग दुर्बीण द्या. बाईंकडे दुर्बीण आहे, चांगली आहे. पण हात थरथरला की दुर्बिणीत पाखरू नाचतं, आणि डोळा जुळेपर्यंत ते उडालेलं असतं. फोटोत ते थांबतं. एक क्षण पकडला की तो घरच्या टीव्हीवर लावून, चष्मा पुसून, पुस्तक शेजारी घेऊन, नातीला बोलावून तासभर पाहता येतो. शिक्रा की पावशा, याचं उत्तर मिळायला तेवढा वेळ लागतो.

आता निवड कशी केली ते सांगतो. तुमच्यापैकी कुणाला घरात असा कॅमेरा द्यायचा झाला तर उपयोगी पडेल.

दुकानात गेलात की पहिला शब्द कानावर पडतो तो मेगापिक्सेल. तो सोडून द्या. भिंत भरून फोटो लावायचा नसेल तर आज मिळणाऱ्या कुठल्याही कॅमेऱ्यात ते पुरेसे असतात. दुसरा शब्द झूम. तिथे एकच प्रश्न विचारायचा, हा झूम भिंगाचा आहे की डिजिटल? डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणणं. ठिपका मोठा होतो, धनेश होत नाही. डब्यावर 'ऑप्टिकल' पुढे जो आकडा असेल तोच खरा.

तिसरी गोष्ट डब्यावर ठळक लिहीत नाहीत, ती म्हणजे आतल्या सेन्सरचा आकार. पूर्वी रोल जे काम करायचा ते आता सेन्सर करतो. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत तो तुरीच्या दाण्याएवढा असतो, साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटर. महागड्या छोट्या कॅमेऱ्यांत तो चिंचोक्याएवढा असतो, तेरा बाय नऊ. त्याला 'एक इंची' म्हणतात, पण तो इंचभर नसतो, ते जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून चालत आलेलं नाव आहे. चिंचोक्याचं क्षेत्रफळ दाण्याच्या चौपट, म्हणून अंधुक उजेडात फोटो किती तरी चांगला येतो. मला स्वतःसाठी घ्यायचा असता तर मी तोच घेतला असता. पण मोठ्या सेन्सरला मोठं भिंग लागतं, आणि खिशात मावेल असा कॅमेरा करायचा तर झूम आखूड होतो. बाईंचं झाड दूर आहे. आणि अंधुक उजेडाची अडचण बाईंना नाही, पक्षी सकाळी येतात. ऊन आपल्या वऱ्हाडात फुकट आहे आणि जरा जास्तच आहे. म्हणून दाण्याएवढा सेन्सर आणि लांब झूम, हे ठरलं.

मग झूम किती? निकॉनचा पी १००० नावाचा कॅमेरा गेल्या वर्षी आला आहे, १२५ पट झूम, चंद्रावरचे खड्डे मोजता येतात. वजन १४०० ग्रॅमच्या वर. मी माझ्या वडिलांना घेऊन दुकानात गेलो, ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, हात बाईंसारखाच कापतो. असला एक मोठा कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. ते म्हणाले, "हे धोंड गयात बांधून मले तलावात ढकलतं काय बे?" मोठ्या कॅमेऱ्यांचा विषय तिथेच संपला.

उरले पाव ते तीनशे ग्रॅमचे. कॅननचा एसएक्स ७४० चांगला होता, ४० पट झूम. वडिलांच्या हातात दिला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी टिपायला सांगितली. हात लांब करून, पडद्यात पाहत त्यांनी फोटो काढला. पाटीवरची अक्षरं हलली. मग सोनीचा एचएक्स ९० व्ही दिला. याचा झूम ३० पट, म्हणजे कमी. पण कोपऱ्यातला खटका सरकवला की डोळ्याला लावायची छोटी खिडकी वर येते. ती कपाळाला टेकवली की दोन्ही कोपर आपोआप अंगाशी येतात आणि कॅमेऱ्याला तिसरा आधार मिळतो. भिंगातला कंप कमी करणारा भाग असतोच, पण कपाळाचा आधार त्याहून मोठा. अक्षरं वाचता आली. शिवाय त्या खिडकीला डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायची सोय आहे. म्हणजे वाचायचा चष्मा वर-खाली करायला नको, आणि उन्हात पदराची सावली धरायला नको.

तुलनेच्या तक्त्यात ४० नेहमी ३० च्या वर असतो. वडिलांच्या हातात ३० जिंकला. भेट ज्याला द्यायची त्याचे हात-डोळे मोजल्याशिवाय आकडे मोजू नयेत, एवढंच मी या सगळ्या खटाटोपातून शिकलो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. कॅमेऱ्याचं वजन बॅटरीसकट २४५ ग्रॅम. चार्जिंग मोबाईलच्या साध्या वायरने होतं, वेगळा चार्जर सांभाळायला नको. सोबत ३२ जीबीचं कार्ड, त्यात पाच-सहा हजार फोटो मावतात. आग्फाच्या हिशेबाने चारशेहून जास्त रोल. टीव्हीला जोडायची वायर वेगळी घेतली. आणि खरेदी मुद्दाम १ जानेवारीनंतर केली. डिसेंबरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, तो नव्या वर्षापासून लागू झाला. वीस हजारांच्या मूळ किमतीवर दोन हजारांचा फरक पडतो. ग्रुपवर 'अजून घेतला नाही का?' असं रोज विचारणाऱ्यांना हे उत्तर. वाचलेल्या पैशात कार्ड आणि वायर आली.

आता बाई, थोडं तुमच्याशी बोलतो.

बाई, या डब्यात मी मराठीत लिहिलेला एक कागद ठेवला आहे. मोठ्या अक्षरात, सहा ओळी. खटका सरकवा, डोळ्याला लावा, आधी झूम न करता झाड शोधा, मग हळूहळू जवळ या, बटण अर्धं दाबून थांबा, मग पूर्ण दाबा. तिसरी ओळ महत्त्वाची. एकदम ३० पट केलं तर नुसती पानं दिसतात आणि पाखरू कुठे गेलं ते कळत नाही. तारीख आणि वेळ मी लावून दिली आहे, प्रत्येक फोटोसोबत ती आपोआप नोंदली जाईल, तुमच्या वहीत असते तशी.

कंपन्या असे कॅमेरे शून्य ते चाळीस अंशांपर्यंत वापरायला सांगतात. त्यांनी अकोल्याचा मे महिना पाहिलेला नाही. पारा ४५ च्या वर गेला की कॅमेरा गच्चीवर किंवा गाडीत ठेवायचा नाही, सकाळी नऊच्या आत काम उरकायचं. भिंग बाहेर येतं-जातं, त्याबरोबर धूळ आत ओढली जाते, आणि कापसाच्या दिवसांत तंतूही. तोंडाने फुंकर मारायची नाही, त्यासाठी रबरी फुगा दिला आहे. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात पांढऱ्या दाण्यांची पुडी टाकून ठेवायचा, नाहीतर भिंगावर बुरशी धरते.

आणि मित्रांनो, हे तुमच्यासाठी. भेट देऊन आपण मोकळे झालो असं समजू नका. नवीन यंत्र घरात आलं की पहिले चार दिवस उत्साह, मग एखादं बटण चुकून दाबलं जातं, पडदा काळा होतो, आणि यंत्र कपाटात जातं. तसं व्हायला नको. म्हणून अकोल्यात राहणाऱ्या आपल्या चौघांनी पाळी लावून घेतली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाने बाईंकडे जायचं, कार्ड रिकामं करायचं, बिघडलेली सेटिंग जागेवर आणायची, आणि बाई सांगतील त्या दोन फोटोंच्या प्रिंट मला पाठवायच्या. त्या मी काढून देईन, वहीत चिकटवायच्या आकाराच्या. या प्रिंटांचे पैसे कुणी विचारू नये, सांगणार नाही.

पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, जगभर चार दिवस अंगणातले पक्षी मोजतात. भारतातले लोक २०१३ पासून त्यात भाग घेतात. कुणीही आपल्या गच्चीवरून पंधरा मिनिटं पाहून यादी पाठवू शकतो. बाई, या वर्षी अकोल्याच्या एका गच्चीवरून यादी जावी अशी आमची इच्छा आहे. नाव भरून पाठवण्याचं काम आमचं. नक्की दिसलेले तेवढेच लिहा. नसतील तर एकही लिहू नका.

एक विनंती सगळ्यांच्या वतीने करतो. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही पाकीट परत केलं होतं आणि फक्त गुलमोहराचं रोप घेतलं होतं, ते आम्हाला माहीत आहे. ते झाड आज शाळेच्या फाटकाशी आहे, येताना आपण सगळे त्याच्याच सावलीत थांबलो. ही भेट मात्र परत करू नका. हिच्यात आम्ही तुम्हाला गृहपाठ दिला आहे, आणि गृहपाठ परत करायचा नसतो हे तुम्हीच शिकवलंत.

आता मी आपल्या वर्गाच्या मॉनिटरला विनंती करतो की त्याने बाईंच्या हातात डबा द्यावा, आणि बाकीच्यांनी मोबाईल खाली ठेवून आधी डोळ्यांनी नीट पाहून घ्यावं. एवढं बोलून मी आपली रजा घेतो.